जेवणाचा निरोप

माझा मुलगा कुंभकोणमला आमच्या घरातूनच काम करतो. कंप्युटरवरून निरोप पाठवायचं एक ॲप आहे. कंप्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या दर प्रकारासाठी तो त्याचं वेगळं पॅकेज बांधतो. चौथी शिकलेल्या मला एवढंच कळतं, की स्वयंपाक एकच, पण घरोघरचा डबा वेगळा.

परवा दूरदेशीच्या कुणा बाईकडे ते उघडेना. सकाळपासून तो तिच्यापायी पॅकेज सोडत-बांधत होता. माझ्या ग्राइंडरचा पट्टा तुटलाय, हे मी पोंगलपासून सांगतेय. मला नुसतं "हं" मिळतं. तिला लिहिताना तो हसतो.

दुपारी त्याने जुन्या कंप्युटरवर त्या बाईसारखंच लिनक्स चढवलं आणि मला बसवलं.

"आई, मला काहीतरी लिहून धाड. पोचतं का बघू."

मी एका बोटाने लिहिलं, 'जेवायला ये.'

त्याच्या पडद्यावर ते उमटलं आणि त्याचा चेहरा खुलला. "पोचलं," म्हणाला, आणि लगेच त्या बाईला कळवायला बसला. काय लिहिलंय, ते वाचलंच नाही.

माझ्या निरोपाने तो इतका कधी हरखला नव्हता; आज हरखला, तोही तिच्यासाठी. मी रसमवर झाकण ठेवलं.