पदराने डोळे पुसणारी बाई

आमच्या कथालेखन गटात आजचा सराव होता: तुमचं पात्र रडताना दाखवा. मी पन्नासच्या दशकातली, पनवेलजवळच्या मिठागरावर राबणारी बाई घेतली. तान्हं मूल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर येते. ‘तिने पदराने डोळे पुसले,’ असं लिहिलं आणि दुपारी बाबांना वाचून दाखवलं. त्यांची आई मिठागरावरच राबायची.

“खोटं हाय,” बाबा म्हणाले. “हाताला मीठ, पदराला मीठ. पुसलं की आग व्हायची. आमचा धाकला भाऊ गेला तवा आयचे डोळे वाऱ्यानंच सुकले.”

बोलता बोलता त्यांचेही डोळे भरले. हात वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

मिठागर बुजवून तिथे कधीच इमारती झाल्यात. ते वाक्य मी खोडलंय. त्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं?