दोन डोळ्यांचा एकच आकडा

“दोन्ही डोळ्यांचे आकडे तंतोतंत सारखे कसे आले?” डॉक्टर मॅडमनी मीच लिहिलेला रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

समोर लक्ष्मीबाई बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये. त्या पाली गावाजवळ मेंढरं राखतात. रस्ता ओलांडताना मोटरसायकल लांब वाटली, आणि ती अंगावरच आली.

महिन्यापूर्वी त्या तपासणीला आल्या, तेव्हाही हेच सांगत होत्या. “उभं मेंढरू जागेवर दिसतंय. पळाया लागलं की भलतीकडंच. धराया गेले तर हातात वारा!”

“कामाला लागलं की हिला दिसत न्हाई,” नवरा म्हणाला होता. “लोक म्हणतेत, सोंग हाय.”

मी बीडमध्ये डोळ्यांच्या नसांची तपासणी करणारा टेक्निशियन. डोक्याच्या मागे वायरी चिकटवतो. स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात. प्रत्येक वेळी मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम प्रतिसाद देतात आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात लाट उमटते; तो वेळ म्हणजे रिपोर्टमधला आकडा. डोळ्याच्या नसेचं आवरण खराब असेल तर निरोप उशिरा पोचतो. म्हणून एक डोळा झाकून दुसरा तपासायचा. दोन्ही उघडे ठेवले, तर चांगला डोळा दुसऱ्याचा उशीर लपवतो.

त्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सारखी सुटत होती. बाहेर रांग होती. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासणी उरकली आणि एकच आकडा दोनदा लिहिला. खाली ‘नॉर्मल’.

“मशीन कधीकधी...” मी सुरुवात केली. नजर प्लास्टरवर गेली. पुढचं खोटं बोलवेना. “मॅडम, मी डोळे वेगळे तपासलेच नाहीत.”

शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“आत्ता तपासा,” मॅडम म्हणाल्या.

पेस्ट लावून वायरी चिकटवल्या आणि या वेळी एकेक डोळा झाकला. उजव्या डोळ्याची लाट वेळेवर आली. डाव्याची बरीच उशिरा, आणि बसकी. ज्या पेशी एकदम जागायच्या, त्या मागेपुढे जागत होत्या. दोन डोळ्यांचे निरोप जुळत नव्हते, म्हणून पळतं मेंढरू भलतीकडे दिसायचं.

औषधांनी डाव्या डोळ्याची नजर सुधारली, उशीर मात्र राहिला. शेवटी मॅडमनी चष्म्याला उजवीकडे गडद काच बसवून दिली. उजेड कमी झाला की त्या डोळ्याचाही निरोप हळू जातो. दोन्ही निरोप एकाच वेळी पोचावेत, एवढाच हेतू.

“चांगल्या डोळ्याला कावून सजा?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

मी दोऱ्याला किल्ली बांधून त्यांच्यापुढे झुलवली. त्यांनी चष्म्यातून बघत झडप घातली. किल्ली मुठीत.

“सजा ह्यांना द्या,” त्या माझ्याकडे बोट करून हसल्या. नवरा हसला नाही.

ठपक्याचा मेमो माझ्या फाइलला लागला आहे. आता पट्टी सुटली की मी तपासणी थांबवतो आणि नवी लावतो. चार मिनिटं लागतात.