लाल गाडीची चार मिनिटं

आधीच सांगून टाकतो — आमच्या घरात भूतखेत, देवऋषी, अंगारा-धुपारा यातलं काही चालत नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. त्यात मी गाड्यांचा वायरमन. करंट आहे तर आहे, नाही तर नाही... मधलं काही नसतं, असं मानणारा माणूस. तरीही हे लिहितोय.

२००७ सालची गोष्ट. नारायणगावात हायवेला माझं गॅरेज होतं. मंचरचे ललितशेठ एक लाल गाडी टेम्पोत घालून घेऊन आले. जपानी, दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स कार. गाडी मी ओळखत होतो. ती त्यांच्या थोरल्या भावाची, प्रकाशशेठची. हे लोक मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या मंचरात कापडाचं दुकान.

प्रकाशशेठ २००१ साली याच गाडीत गेले. येडगावच्या रस्त्याला, सकाळी दहाच्या सुमारास, गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या. त्याच सकाळी घरात नवरा-बायकोचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. मग काय, लोकांनी आपापल्या परीनं जुळवून टाकलं — त्यांनी मुद्दाम गाडी घातली, आणि बायकोच्या बोलण्यापायी घातली. त्यांच्या बायकोशी, विमलवहिनींशी, सासू सहा वर्षं धड बोलली नव्हती.

"मिस्त्री, दादाची गाडी भंगारात नाय घालायची," ललितशेठ म्हणाले. "एकदा चालू करून द्या, बास."

पत्रा पुण्यात सरळ करून आणला होता. इंजिन ठीक होतं. पण सहा वर्षं ताडपत्रीखाली राहून गाडीचा कॉम्प्युटर सडला होता, आणि तसा दुसरा मिळेना. म्हणून त्यांनी परदेशातल्या नातेवाइकाकडून नवा कॉम्प्युटर मागवला होता. हा कुठल्याही इंजिनला बसतो, फक्त एकेक वायर हातानं जोडायची आणि लॅपटॉपवरून त्याला सगळं शिकवायचं — पेट्रोल किती, ठिणगी कधी. गाडी चालताना तो इंजिनची नोंदही ठेवतो. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं.

नऊ दिवस जुन्या वायरी सोडवण्यात गेले. दहाव्या दिवशी दुपारी गाडी स्टँडवर होती, चाकं काढलेली. नव्या कॉम्प्युटरला मी फक्त बॅटरी आणि लॅपटॉप जोडला. बाकी सगळ्या वायरी टेपच्या चिठ्ठ्या लावून नुसत्या लोंबत होत्या. तो लॅपटॉपशी बोलतो का, एवढंच बघायचं होतं.

बोलला. आणि स्क्रीनवर आलं — एक नोंद शिल्लक आहे. चार मिनिटं दहा सेकंद.

"कंपनीनं टेस्टिंग केलं असंल," काम बघायला आलेले ललितशेठ म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. उघडली. तीन रकाने होते — इंजिनचे फेरे, थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर किती उघडलाय ते, आणि वेग. गाडी चालू होते, गिअर पडतात, वेग साठपर्यंत जातो. कुणीतरी आरामात चालवतंय. साडेतीन मिनिटांवर थ्रॉटल एकाहत्तर टक्क्यांवर जातो... आणि तिथंच राहतो. हलतच नाही. वेग ऐंशी, नव्वद, एकशे चार. मग फेरे एकदम वर जातात, पण वेग वाढत नाही. म्हणजे क्लच दाबलाय. सोडलाय. पुन्हा दाबलाय. मग फेरे शून्य — चावी बंद. त्यानंतर वेग सत्त्याण्णव, त्र्याऐंशी, बहात्तर, एकसष्ट. पुढच्याच ओळीत शून्य.

ललितशेठनी स्क्रीनवरच्या त्या शेवटच्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दादा त्या दिवशी नाक्यावर चहा पिऊन गाडीत बसला व्हता. तिथून मोरी किती लांब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलवर जाऊन मोजलं. मीटरवर चार किलोमीटर आणि वर तीनशे मीटर. नोंदीतल्या वेगावरून मी अंतर काढलं होतं, ते तेवढंच.

पुढचं लिहायला मला जड जातंय. गॅरेजवर येऊन मी शटर अर्धं ओढलं आणि ॲक्सिलरेटरची केबल काढली. आतल्या तारेचा एक धागा तुटून केबलच्या तोंडाशी उभा राहिला होता. बोटानं ओढून बघितली — अर्ध्याच्या पुढं जाऊन अडकली, परत येईना. पाय काढला तरी इंजिन सुटणार नाही. आणि थ्रॉटल असा उघडा राहिला की ब्रेकला इंजिनची मदत मिळत नाही. दोनदा दाबला की पेडल दगड होतं. मग रस्त्यावर खुणा कुठून पडणार?

ती केबल मी बनवली होती. मूळची मिळत नव्हती म्हणून टेम्पोच्या तारेची. प्रकाशशेठ जायच्या आठवड्यातच म्हणाले होते, "सुधाकर, पेडल जरा धरतंय राव." मी म्हणालो होतो, रविवारी आणा, तेल सोडतो. ते शुक्रवारी गेले. सहा वर्षांत ही केबल मला एकदाही आठवली नव्हती... की आठवू दिली नव्हती, देव जाणे. बघा, मीसुद्धा देव म्हणालो.

दोन दिवस जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "सांगून टाका. न्हाईतर तुमी असंच बसणार." तिसऱ्या दिवशी केबल पिशवीत घालून मंचरला गेलो. वर घरात ललितशेठ, त्यांची आई आणि विमलवहिनी होत्या. सगळं सांगितलं. आई भिंतीकडं बघत राहिली. ललितशेठनी केबल हातात घेतली, आणि तो धागा बोटाला टोचेपर्यंत दाबत राहिले.

वहिनींनी एकच विचारलं, "शेवटी वेग किती होता?"

"एकसष्ट."

"म्हणजे कमी करत होते."

"हो वहिनी. थांबवत होते."

त्या उठून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"भाऊ, दुकानावरून जाता-येता तुम्ही मला नमस्कार करायचात," त्या म्हणाल्या. "आता करू नका."

मी मान हलवली आणि जिना उतरलो. ती सासू नंतर सुनेशी बोलू लागली, असं कानावर आलं. गाडी ललितशेठनी तशीच परत नेली, चालू न करता. वर्षभरात मी गॅरेज बंद केलं. आता पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो.

पुण्यातल्या एका इंजिनिअरला ती फाईल दाखवली होती, कुणाची ते न सांगता. तो म्हणाला, "साधी आहे, थ्रॉटल अडकलाय. बिचारा वाचला का?" मग मी सांगितलं, की अपघात २००१ चा, फाईल सापडली तेव्हा वेगाची वायर जोडलेलीच नव्हती, आणि अपघाताच्या वेळी तो कॉम्प्युटर बनलेलासुद्धा नव्हता. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला आणि चहा मागवला.

फाईल अजून माझ्याकडं आहे. उघडते. कुणी ती तिथं ठेवली, मला माहीत नाही. मी फक्त एवढंच सांगू शकतो, की त्या नोंदीत जे होतं ते खरं होतं.