पाव टाकीवर चालणारी गाडी

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी वस्ताद कमरेपर्यंत गाडीच्या डिकीत शिरलेले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. आतून कुणाला तरी झापल्याचा आवाज येत होता, पण गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बोलणी पेट्रोलचा पंप खात होता.

"काल टेबलावर तासभर चाललास. मग चढावर काय धाड भरते तुला?"

वस्ताद छप्पन्न वर्षांचे आहेत. त्यांतली पस्तीस त्यांनी कार्ब्युरेटर खोलण्यात, धुण्यात आणि नुसत्या कानाने जुळवण्यात घालवली. गाडी त्यांच्या थोरल्या बहिणीची, वय अठ्ठेचाळीस, म्हणजे गाडीचं. ताई एकसष्ट वर्षांच्या. हॉस्पिटलतर्फे घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करणं हे त्यांचं काम. सकाळी सातला हॉस्पिटलमधून किट घ्यायचं आणि दुपारच्या आत अकरा घरं करायची.

दोन महिन्यांपूर्वी गाडीच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. त्याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. वस्तादांनी एका ठोकलेल्या नव्या गाडीचं इंजिन आणून बसवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या आयुष्यातलं सुख हरवलं. जुन्या इंजिनाला पेट्रोल कसंबसं पोचलं तरी चालायचं. नव्याला ते दहापट दाबाने लागतं, सतत लागतं, आणि उरलेलं टाकीत परत सोडायला वेगळा पाइप लागतो. वस्तादांनी नवा पंप घेतला, नवा पाइप टाकला, फिल्टर बदलला, चार वेळा ट्रायल घेतली. गाडी लोण्यासारखी चालली.

ताईंकडे गेली की ती बंद पडायची. तीही एकाच ठिकाणी. हॉस्पिटलच्या स्टाफचं पार्किंग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे जायला गोल गोल फिरत जाणारा चढ आहे, डावीकडे वळत राहणारा. दुसऱ्या मजल्याच्या आसपास इंजिन एकदा खाकरायचं आणि गप्प व्हायचं. मागे रांग. मागच्या बुधवारी त्या रांगेत तिसरी गाडी मेट्रनची होती. शुक्रवारी पहिलीच. मेट्रनने शांतपणे सांगितलं, "सिस्टर, आणखी एकदा उशीर झाला तर तुमचे पेशंट दुसऱ्यांना देते. तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसा." ताईंनी आयुष्यात बसून काम केलेलं नाही.

म्हणून सोमवारच्या आत गाडी चढायला हवी होती.

साडेआठला ताई डबा घेऊन आल्या. डबा बॉनेटवर ठेवला.

"काय म्हणतोय पंप?"

"पंपात काही नाही. बदलला ना दोनदा."

"मग आता भाऊ बदलून बघू का, छोट्या?"

छप्पन्नाव्या वर्षी त्यांना छोट्या म्हणणारं हे एकच माणूस उरलं आहे. वस्तादांनी हात पुसले. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात रिले, वायर आणि सेन्सर बदलले होते. "तू चालवतेस कशी ते बघू. बस. मी शेजारी बसतो."

ताईंनी चावी फिरवली. पेट्रोलचा काटा पावाच्याही खाली होता.

"पेट्रोल भर की आधी."

"पुरेल. इतकंच असतं नेहमी."

"नेहमी म्हणजे?"

"अर्ध्याच्या वर भरलं की गाडीत वास येतो. टाकी पाझरते ना हिची. पेशंटच्या घरी पेट्रोलचा वास घेऊन जाऊ का मी?"

वस्तादांनी काट्याच्या काचेवर बोट ठेवलं. "ताई, टाकीचा तो जोड मी नऊ वर्षांपूर्वी डाग देऊन बंद केलाय."

"मग सांगायचं नाही?"

"तू पाव टाकीवर गाडी चालवतेस हे तू सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

वस्ताद स्वतः ट्रायलला कायम टाकी भरून जातात. वाटेत पेट्रोल संपून मेकॅनिकच ढकलत परत आला तर चौकात तोंड दाखवायची सोय राहत नाही, असं त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. चारही ट्रायल त्यांनी भरल्या टाकीवर घेतल्या. टाकी जुनी, रुंद, आतून मोकळी परात. थोडं पेट्रोल असलं की डाव्या वळणावर ते सगळं उजवीकडे जातं आणि डावीकडची नळी हवा ओढते. जुनं इंजिन होतं तेव्हा हे कळायचं कारणच नव्हतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते. नळीला हवा लागली तरी वळण संपेपर्यंत इंजिन वाटीतलं पिऊन चालतं. नव्या इंजिनाला वाटीच नाही. हवेचा एक घोट मिळाला की संपलं. पस्तीस वर्षं रोज हातात घेतलेली ती वाटी नेमकं काय काम करते, याचा वस्तादांना विसर पडला होता. टाकीचं त्यांनी ताईंना सांगितलं, वाटीचं नाही.

"मग मी टाकी भरून ठेवते. मिटलं."

"नाही मिटलं. एखाद्या दिवशी विसरशील, आणि मेट्रन मागेच असेल. भरली तरच चालते ती गाडी नाही, ती अट झाली."

दहा वाजता वस्ताद गाडी घेऊन वेल्डरकडे गेले. टाकी कापून आत पेट्रोल अडवायला आडवे पत्रे घालता येतील का, असं विचारलं. वेल्डरने टाकीवर बोटाने टकटक केलं.

"वस्ताद, ही माझ्याहून वयाने मोठी आहे. कापली तर चाळणी होईल. आणि पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावून मला बायकोला विधवा करायचं नाही. दुसरं काही सांगा."

वस्तादांनी खडूने फरशीवर आकृती काढली. अॅल्युमिनियमचा दीड लिटरचा उभा डबा, चार नळ्या. टाकीतून एक छोटा पंप तो सतत भरत ठेवणार. मोठा पंप त्याच्या तळातून इंजिनाला देणार. इंजिनाकडून उरलेलं याच डब्यात परत येणार, आणि जास्तीचं वरच्या नळीने हवेसकट टाकीत जाणार.

वेल्डर आकृतीभोवती एक चक्कर मारून आला. "म्हणजे कार्ब्युरेटरचीच वाटी. कार्ब्युरेटर काढून फेकलात आणि आता डिकीत बसवताय."

"तू वेल्डिंग कर."

"करतो की. फक्त विचारलं."

डबा दुपारी एकला तयार झाला. नळ्या बंद करून, हवा भरून तो पाण्यात बुडवला तेव्हा एका जोडातून बुडबुडे आले. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा पाणी. तीन वाजेपर्यंत वस्ताद त्या बादलीसमोर उकिडवे बसून होते आणि वेल्डर त्यांना चहा विचारायचंही टाळत होता.

डबा डिकीत बसवून साडेपाचला ते पोचले तेव्हा हॉस्पिटलचा चढ रिकामा होता. काटा पावाखालीच ठेवला होता. वस्तादांनी मुद्दाम दोन लिटर काढून घेतलं होतं. ताई चालवत होत्या. दुसऱ्या मजल्यावर वस्तादांनी कान मागे लावले. इंजिन तसंच चालू राहिलं. ते खाली आले, पुन्हा चढले. सहा वेळा. सहाव्या वेळी वस्तादांनी सांगितल्यावरून ताई नको इतक्या जोरात वळल्या, सकाळचा जेवणाचा डबा मागच्या सीटवरून खाली पडला आणि भाजी सांडली.

"आता ही गाडी त्या छोट्या पंपामुळे भुणभुणणार का रोज?" ताईंनी विचारलं.

"भुणभुणेल. गप्प झाली की मला फोन कर."

"आधी शांत होती."

वस्तादांनी दार उघडलं आणि भाजी पुसायला फडकं शोधू लागले.

सोमवारी ताई सहा पस्तीसला घरून निघतील. तिसऱ्या मजल्यावर गाडी लावून सातला किट घ्यायचं आहे, आणि पहिलं ड्रेसिंग साडेसातला.