गवतालाच विचारू

आमचे काका धार लावतात. एकोणतीस वर्षं गावाबाहेरच्या सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या गवतकापणी यंत्रांची पाती त्यांच्याच हाताखालून जातात. मैदान मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाती टेम्पोतून यायची आणि टेम्पोतून जायची.

वर्षभरापासून काकांचा उजवा हात थरथरतो. काकू म्हणाली, "बस झालं आता, दुकान बंद करा." काकांनी ताज्या धारेच्या पात्यावर वर्तमानपत्राची पट्टी कापून दाखवली. "कागदाला काय कळतंय?" मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.  तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बरोबर बोललीस. गवतालाच विचारू. गवताची टोकं फाटलेली निघाली तर धार बोथट, दुकान बंद. तू चल, तू उगाच गोड बोलायची नाहीस."

काकांनी मैदानावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "किती जण खेळणार?"

"खेळणार कोणी नाही. गवत बघायचंय."

"झेंड्याजवळच्या हिरवळीवर फक्त खेळाडूंना सोडतो हो."

"मग दोन खेळाडू लिहा."

बाईंनी सकाळी सातची वेळ देऊ केली. त्या वेळेसाठी सगळे भांडतात म्हणे. काका म्हणाले, "नको, तेव्हा दव असतं. ओल्या गवताचं टोक दिसत नाही. दहाची द्या."

कॉलरचा शर्ट आणि सपाट तळाचे बूट हवेत, असा नियम होता. काकूने कुरकुरत का होईना, शर्टाला कडक इस्त्री केली. शेजारच्या डॉक्टरांकडून गोल्फच्या दोन काठ्या मागून आणल्या. काकांनी काठीच्या लोखंडी टोकावर अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "अगदीच बोथट दिल्यात."

ठरल्या दिवशी आम्ही फाटकातून आत गेलो. एवढी मोकळी जमीन मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. झेंड्याभोवतीची हिरवळ तर इतकी एकसारखी होती, की पाय ठेवायला जीव धजेना. काका काठावरच थांबले. "हे सगळं आपल्या पात्यांनी?" त्यांनी हळूच विचारलं. कुणाला, कोण जाणे.

मग इस्त्रीच्या शर्टासकट ते पालथे पडले आणि खिशातून भिंग काढलं. पण हात हलत होता, भिंग ठरेना. "तू बघ," ते म्हणाले. "फाटलं असेल तर टोकाला पांढरट दोरे दिसतील."

मी आडवी झाले. गवत म्हणजे गवत, असं मला आजवर वाटायचं. भिंगाखाली एकेक पातं सरळ, स्वच्छ कापलेलं होतं. मी सरकत सरकत सहा ठिकाणी बघितलं. दोरे दिसले असते तर ते मलाच सांगावं लागलं असतं.

"काका, एकही फाटलेलं नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

काका उठून बसले. थरथरता हात त्यांनी हिरवळीवरून सावकाश फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मागे खेळाडू खोळंबले होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "काका, तुमचं झालं का?"

"झालं, या."

परतताना मी विचारलं, "मग उद्या उघडायचं ना दुकान?"

काकांनी घड्याळ पाहिलं. "उद्या कशाला? अजून अख्खी दुपार पडलीये."