सासूबाईंचं रक्त, माझा दंड

लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मल्लेश्वरमला भाड्याचं घर, मागे परस, आणि घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढीच माणसं. सासूबाई धारवाडकडच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या तोंडी सारख्याच. मला कन्नडचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळं जग माझ्याकडे त्यांच्यामार्फत यायचं. त्या माझ्याशी वाईट कधी वागल्या नाहीत. पण जवळही कधी आल्या नाहीत. काम सांगायच्या, काम झालं की "सरी", म्हणजे ठीक, म्हणायच्या, संपलं.

त्यांना दम लागायचा. महिन्यातून आठदहा दिवस असे यायचे की छातीतून पेटीच्या भात्यासारखा आवाज निघे आणि चार वाक्यं बोलायची तर मध्ये तीनदा थांबावं लागे. काढे झाले, अडुळसा झाला, धुरी झाली. शेवटी कारखान्यातल्या कोणी तरी सांगितलं की कॅन्टोन्मेंटकडे एक डॉक्टर आहेत, ते कातडीवर परीक्षा करून दमा कशाने होतो ते शोधतात. यजमानांना रजा नव्हती, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. खरं तर त्याच मला घेऊन गेल्या, कारण बसमध्ये बोलायचं त्यांनाच येत होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. त्यांनी सासूबाईंच्या हातावर थेंबाथेंबाने औषधं ठेवली आणि प्रत्येक थेंबातून सुईने कातडी जराशी टोचली. "स्वल्प ताळी," म्हणाले. थोडं थांबा. पंधरा मिनिटांनी बघतो तर प्रत्येक टोचणीवर गांध उठलेली. गव्हावर, धुळीवर, कापसावर, सगळ्यांवर. एका थेंबात नुसतं मिठाचं पाणी होतं, त्याच्यावरही.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टेबलावरची पेन्सिल उचलून तिच्या बोथट टोकाने त्यांनी सासूबाईंच्या दुसऱ्या हातावर एक कन्नड अक्षर काढलं. आधी काहीच दिसेना. मग ती रेघ लाल झाली, मग फुगली, आणि पाचेक मिनिटांत अक्षर असं वर आलं की डोळे मिटून बोटाने वाचता आलं असतं. सासूबाई आपल्याच हाताकडे टक लावून बघत राहिल्या.

"अगंबाई," त्या मला म्हणाल्या, "हे 'अ' आहे."

डॉक्टरांनी कन्नडमध्ये समजावलं आणि सासूबाईंनी ते मला मराठीत सांगितलं. त्यांची कातडी नुसत्या स्पर्शालाही उठते, त्यामुळे तिच्यावर खरं-खोटं कळणार नाही. पण एक उपाय आहे. त्यांचं रक्त काढायचं, ते गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं ते घ्यायचं, आणि एखाद्या निरोगी माणसाच्या कातडीत थोडं थोडं घालायचं. दोन दिवसांनी त्या जागांवर परीक्षा करायची. दुसऱ्याची कातडी यांच्या वतीने उत्तर देईल.

सांगता सांगता सासूबाई मध्येच थांबल्या. आपल्याला नीट कळलंय की नाही अशी त्यांनाच शंका आली असावी. त्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"हात द्यायला मुलगा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना कधी पित्त उठलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

लहानपणी यजमानांच्या अंगावर सारख्या गांधी यायच्या. मग ते चालणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या नात्यात तोच दोष असू शकतो. नात्याबाहेरचं माणूस बरं. हे मराठीत सांगताना सासूबाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मात्र समजले.

"मी देते हात," मी म्हटलं.

"काही नको. सुनेला सुया टोचवून घेतल्या म्हणतील लोक."

"लोकांना सांगायचंच कशाला, आई?"

मोठेपणाने म्हटलं असं नाही. मला ते बघायचं होतं. पेन्सिलीचं ते अक्षर पाहिल्यापासून मी पार खुळावून गेले होते.

डॉक्टरांनी मला खूप प्रश्न विचारले. दमा, खाज, सर्दी, काही नाही. सासूबाईंना कधी कावीळ झाली होती का, हेही दोनदा विचारलं, कारण ती या पाण्यातून मला होऊ शकली असती. नव्हती झाली. मग म्हणाले, घरातल्या वस्तूंच्या पुड्या आणा. त्यांच्या आसपास जे जे असतं ते सगळं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पुड्या बांधल्या: गादीतला कापूस, कपाटावरची धूळ, गहू, तूरडाळ, जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्याचे केस. मी त्यात आणखी एक टाकली. परसात त्यांनी अबोली लावली होती. शेजारणी तिला कनकांबर म्हणत आणि रोज मागून नेत. त्या झाडांना सासूबाई एरंडीची पेंड घालायच्या. पोतं स्वयंपाकघरामागच्या खोलीत असायचं. ती पूड मी चिमूटभर घेतली, ती केवळ यादी पुरी व्हावी म्हणून.

ठरल्या दिवशी माझ्या दोन्ही दंडांवर जांभळ्या शाईने गोल काढून नर्सने त्यात सासूबाईंच्या रक्तातलं ते पाणी टोचलं. शाई पुसायची नाही, हात चोळायचे नाहीत. ते दोन दिवस विलक्षण गेले. दुखत काहीच नव्हतं. सासूबाईंनी मला भांड्यांना हात लावू दिला नाही. पाट मांडून मला वाढलं आणि स्वतः समोर बसल्या. "दुखतंय का गं?" हे त्यांनी इतक्या वेळा विचारलं की मला हसू यायला लागलं. त्यांच्या शरीरातलं काही तरी माझ्या कातडीत आहे, हे आम्हा दोघींच्याही मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी माझ्या हाताच्या मोकळ्या जागी पुड्यांपासून केलेली सगळी औषधं टोचली. काही झालं नाही. मग गोलांमध्ये टोचली. पेंडीचा अर्क त्यांनी फार पातळ केला होता आणि तो सगळ्यात शेवटी घातला. मी घड्याळाकडे बघत बसले.

सात-आठ मिनिटांनी डाव्या दंडावर एकाच जागी खाज सुटली. बघते तर पेंडीच्या गोलात पांढरट फुगवटा आणि भोवती लाली, पसरत चाललेली. दुसऱ्या दंडावरचा धुळीचा गोल जरासा गुलाबी. बाकीचे गोल तसेच कोरडे. मला आयुष्यात कधी गांध उठली नव्हती. आणि तिथून दोन बोटं अंतरावरच्या माझ्या स्वतःच्या कातडीवर त्याच पेंडीने काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"नोडी, अम्मा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. बघा.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी त्या फुगवट्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ धरलं. "हे माझं आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

मी त्यांच्यामार्फत डॉक्टरांना विचारलं, त्या पाण्यात नक्की काय असतं? ते थेट माझ्याकडे बघून सोप्या इंग्रजीत म्हणाले की काही तरी आहे, एवढं नक्की. ते काय, हे अजून कोणालाही माहीत नाही. इतका शिकलेला माणूस "माहीत नाही" म्हणतो आणि त्याचा चेहरा खुलतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोतं त्याच दिवशी गेलं. खोली मी ओल्या फडक्याने तीनदा पुसली. अबोलीला शेणखत घालायला लागलो. तिला पूर्वीइतका बहर आला नाही, हे खरं. दमा पार गेला असंही नाही. हिवाळ्यात धुळीने थोडा यायचाच. पण आठदहा दिवसांचे ते फेरे थांबले.

महिन्याभराने शेजारीण सासूबाईंना विचारत होती, कुठल्या औषधाने गुण आला? मी आत पोळ्या लाटत होते. सासूबाई कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या. मला त्यातला "सोसे" हा एकच शब्द कळला. सोसे म्हणजे सून.