मांडवात उघडी पडली तर्री

निवृत्त मित्रमैत्रिणींनो, नोकरी संपली की लोक आपल्या नावाला ‘माजी’ चिकटवतात आणि आपणही ते मुकाट्यानं मिरवतो. आज मी ते फेकून दिलं!

कळंबला साळ्याच्या मुलीचं लग्न होतं. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मी यवतमाळात तर्री-पोह्यांची, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांची, गाडी लावली, हे त्यानं नवऱ्याकडच्यांना सांगितलंच नव्हतं. मांडवाच्या दारातच तो कानाशी लागला, “भाऊजी, आजच्या दिवस पोह्याचं नाव काढू नका. व्याही मोठे लोक आहेत.”

मी गप्प बसलो होतो हो! पण माइकवाल्यानं पुकारलं, “आता माजी प्राध्यापक साहेबांचं दुपट्टा देऊन स्वागत!”

दुपट्टा गळ्यात पडला आणि माइक माझ्या हातात आला. “प्राध्यापक होतो. आता पोहेवाला आहे. माझ्या तासाला पोरं झोपायची, माझ्या तर्रीनं गाव जागं होतं!”

साळ्यानं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील पहिल्या रांगेतून ओरडले, “मंग हे आमच्यापासून काहून लपवलं? उद्या सकाळी आमचं सारं घर तुमच्या गाडीवर!”

मांडव हसला. सगळ्यात शेवटी साळाही हसला, “भाऊजी, तिखट जरा कमी टाकजा.”

माणूस काम बदलतो, माजी होत नाही. आत्ताच खाली तुमचं नाव आणि आज करता ते काम लिहा. ‘माजी’ न लावता!